दुकानासाठी घेतलेला विषय

६ जुलै

"एक विषय पुरत नाही का, की त्याला दुसरा जोडायचा?" आईनं आज चादरीच्या घड्या घालता घालता विचारलं.

मी व्यवसाय व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय तोच. पण यंदापासून त्याच्या जोडीला एक मायनर घ्यावा लागतो. हे मी आईला सांगितलं. म्हटलं, शर्टाला बटणं लागतात ना, तसं समज. ती म्हणाली, "अगं, पण बटणं शर्टाबरोबरच येतात. वेगळी घ्यायला लावतात ते दुकान मला फसवं वाटतं."

पदवीपर्यंत पोचणारी आमच्या घरातली मी पहिली. बाबांच्या बाजूला कोणी नाही, आईच्या बाजूलाही कोणी नाही. वर्गातल्या मुली घरी फोन करून भावाला, काकाला विचारतात. मला विचारायला कोणी नाही म्हणून ही वही आणली आहे. निदान इथे मोठ्यानं विचार करता येईल.

पर्याय असे आहेत: संख्याशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, परदेशी भाषा, वस्तुरचना म्हणजे प्रॉडक्ट डिझाइन. माझ्या मैत्रिणीनं कायदा घेतलासुद्धा. तिला सगळे 'वकील'च म्हणतात, कारण कँटीनमध्ये चहा गार आला तरी ती बाजू मांडते. ती म्हणाली, "तू नेमकं काय करणार आहेस पुढे, ते ठरव. मग विषय आपोआप ठरतो."

ते तर माझं कधीच ठरलेलं आहे.

९ जुलै, रविवार

सकाळी दुकानात गेले. हे लिहिताना वाटतं, कधीतरी ही वही कोणी वाचली तर आमचं दुकान त्याला दिसलं पाहिजे. चष्म्याचं दुकान आणि पिठाची गिरणी यांच्या मधे अंग चोरून उभं आहे ते. गिरणीचं पीठ आमच्या पाटीवर बसतं आणि मामा रोज ते पुसतो. आत बाबांचा लाकडी ओटा, मामाचं मशीन, गिऱ्हाइकासाठी एक उंच खुर्ची. आणि तिन्ही भिंतींवर छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर पाय.

बाबा साधे जोडे करत नाहीत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, चवडा वाकडा आहे, बोटं गेली आहेत, पायाला काही कळतच नाही, अशांचे करतात. पाय मापून आधी त्याचा लाकडी साचा कोरायचा, मग त्याच्यावर जोडा चढवायचा. साचा कोरणं हे खरं काम. ते फक्त बाबांना येतं. गिऱ्हाईक पुन्हा आलं की साचा तयार असतो, पाय बदलला असेल तेवढाच तासायचा. त्या साच्यांना दुकानात कोणी साचे म्हणत नाही, पायच म्हणतात. "ग्रंथपाल बाईंचा डावा पाय काढ रे," असं बाबा म्हणाले की नवं माणूस दचकतं. मामा सांगतो, "आमच्याकडे माणूस वर गेला तरी पाय इथंच राहतात."

मी बाबांना सांगितलं, मी वस्तुरचना घेते. व्यवस्थापन दुकान चालवायला, वस्तुरचना जोडे सुधारायला. दोन वर्षांनी मी, बाबा आणि मामा. बाबा म्हणाले, "हं."

त्यांच्या 'हं'चे पुष्कळ प्रकार आहेत. हा मला ओळखता आला नाही. मग म्हणाले, "वर्ग कधी असतो त्याचा?"

"शनिवारी. दिवसभर कार्यशाळा."

"मग रविवारी येत जा," असं म्हणून हात अंगावरच्या कातडी एप्रनच्या खिशात घालून ते बाहेर बघत उभे राहिले. मला वाटतं, ते भारावले होते.

१४ जुलै

विषय नोंदवला. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, व्यवस्थापनाच्या मुली शक्यतो संख्याशास्त्र घेतात, नोकरीला बरं पडतं. मी म्हटलं, मला नोकरी करायची नाहीये, मला आमचं दुकान पुढे न्यायचंय. त्या हसल्या, पण चांगलं हसल्या.

येताना दुकानात डोकावले तर मामाच्या हातात रापी! कातडं कापायची ती धारदार रापी बाबा कधी कोणाला देत नाहीत. लहानपणी मी नुसती उचलली तर ओरडले होते. आज मामा कापतोय आणि बाबा मागे उभे राहून बघतायत. आमच्या चौथ्या धड्यात हेच आहे. मालकानं सगळं स्वतः करत बसू नये, अधिकार वाटून द्यावेत. मी मामाला तसं म्हटलं.

"काय साहेब, बढती मिळाली म्हणा की आम्हाला!" मामा म्हणाला, पण वर बघितलं नाही.

त्यानं काप थोडा बाहेर नेला. मलासुद्धा दिसलं. मी बाबांच्या ओरडण्याची वाट बघत राहिले. बाबा म्हणाले, "चालेल."

दुकानात हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. वयानं माणूस मवाळ होतो, हे खरं असावं.

२३ जुलै, रविवार

फार वाईट दिवस गेला.

काल कार्यशाळेत सरांनी सांगितलं, आपल्या घरच्या कामातली एक कृती दाखवा. मी हात वर केला. ठरवलं, बाबा पायाचं माप कसं घेतात त्याचं चित्रण करायचं. कागदावर पाय ठेवायचा आणि बाबा पेन्सिल उभी धरून त्याच्या कडेनं एका दमात रेघ काढतात. कुठे थांबत नाहीत, कुठे उचलत नाहीत. लहानपणी मला ती जादू वाटायची.

आज ग्रंथपाल बाई आलेल्या होत्या, मामा मशीनवर होता. मी चप्पल काढली, कागद पसरला, मोबाईल लावला आणि म्हटलं, "बाबा, माझा पाय काढा."

"कशाला?"

"वर्गात दाखवायचाय. माझा कुठे कधी काढलाय तुम्ही?"

"तुझे पाय चांगले आहेत. चांगल्या पायांचं काय काढायचं?"

"एकदाच, बाबा. एक मिनिटाचं काम."

"नाही म्हटलं ना! खेळ आहे का हा?"

एवढ्या मोठ्यानं. ग्रंथपाल बाईंनी मान खाली घातली. बाबा तसेच उठून शेजारी चष्मेवाल्याकडे जाऊन बसले. मामानं गुपचूप माझा पाय काढून दिला. त्याची रेघ टाचेपाशी तुटली.

मला आता कळलं. त्यांना मी हा विषय घेतलेला आवडलेलाच नाही. आपलं काम कोणी कॉलेजातून शिकून यावं हे त्यांना रुचत नसेल. तोंडावर बोलत नाहीत, एवढंच. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

६ ऑगस्ट, रविवार

बाबा मला अजून नीट कळलेलेच नाहीत!

आज दुकानात गेले तर फळ्यांवर ठिकठिकाणी रिकाम्या जागा. विचारलं तर मामा म्हणाला, "गिऱ्हाइकं आपापले पाय घेऊन चाललीत." बाबा एकेक साचा फडक्यानं पुसून, कागदात गुंडाळून ज्याचा त्याला देत होते. एक म्हातारे गृहस्थ तर आपले दोन्ही पाय मांडीवर घेऊन उंच खुर्चीवर बसले होते, नातवंडं घेऊन बसल्यासारखे.

मी म्हटलं, "बाबा, हे काय नवीन?"

"त्यांचे आहेत. त्यांच्याकडे असावेत."

काय वाक्य आहे! आमच्या पुस्तकात ग्राहकनिष्ठेवर आख्खं प्रकरण आहे, पण असं एक वाक्य नाही. जगभरच्या कंपन्या गिऱ्हाइकाला धरून ठेवायला धडपडतात आणि माझे बाबा त्याच्या हातात त्याचाच पाय ठेवून म्हणतात, हा तुमचा. असा माणूस दुसऱ्या दुकानात जाईल का?

शनिवारी वर्गात सादरीकरण आहे. पायाची रेघ गेली उडत, मी हेच मांडणार. बाबांना सांगितलं तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आणि लगेच काढून घेतला.

चहा घेताना मला दिसलं, मामा त्यांचा कप अर्धाच भरतो. मी म्हटलं, "एवढासाच?" मामा म्हणाला, "डॉक्टरनं साखर कमी सांगितलीय." चला, निदान तब्येतीकडे लक्ष देतायत.

१२ ऑगस्ट, शनिवार

टाळ्या! मी बोलायची थांबले आणि आख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता. रिकाम्या फळ्यांचे फोटो दाखवले आणि म्हटलं, "ही रिकामी जागा म्हणजे विश्वासाची जागा आहे." मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प झाली. सर म्हणाले, हे उदाहरण मी पुढच्या वर्षीच्या वर्गालाही सांगेन. वकील म्हणाली, "बाबांना एकदा इथे घेऊन ये, भाषण द्यायला."

घरी आल्या आल्या सगळं सांगितलं, अभिनयासकट. मामाही जेवायला आला होता. बाबा म्हणाले, "छान." आई भांडी घासायला उठली, अजून कोणाचं जेवणच झालं नव्हतं तरी. मामा काहीतरी टोमणा मारेल म्हणून मी थांबले. त्यानं मारला नाही.

मला वाटतं, सगळे खूप दमलेले आहेत.

१७ ऑगस्ट

लिहायला बसलेय पण

कॉलेजच्या जवळच सार्वजनिक ग्रंथालय आहे. आमच्या ग्रंथपाल बाई तिथल्याच. डावा पाय दोन बोटं आखूड आहे त्यांचा. मी शाळेत असल्यापासून बाबा त्यांचा जोडा करतात. आज पुस्तक घ्यायला गेले तर मोठ्या आपुलकीनं म्हणाल्या, "बाबांना सांग हं, त्यांनी सांगितलेल्या केंद्रात जाऊन आले मी. साचा बघून ते लोक चकित झाले. म्हणाले, आमचं काम सोपं झालं."

मी म्हटलं, "कुठलं केंद्र?"

"तेच, मोठ्या हॉस्पिटलमागचं. दुकान बंद झाल्यावर आम्ही कुठे जायचं याची सोय केलीय ना त्यांनी सगळ्यांची. प्रत्येकाला पाय हातात देऊन. असं कोण करतं गं? नाहीतर हात कापायला लागल्यावर माणूस आधी स्वतःचं बघतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पुस्तकावर शिक्का मारला. मग त्याच पानावर पुन्हा मारला.

"तुला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, म्हणाल्या.

नंतर, त्याच दिवशी

घरी आई एकटी होती. जोड्यांच्या अस्तरांचं काम मशीनवर चाललेलं. मी दारातूनच विचारलं, "बाबांचे हात कापतात?"

तिनं मशीन थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा तोडला, मग म्हणाली, "हळूहळू झालं होतं सुरू. गेल्या वर्षापासून. आता वाढलंय. डॉक्टर म्हणतात, मेंदूतून आहे, थांबणारं नाही."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"सांगणार होते. तू विषय निवडायच्या आधी सांगू म्हणाले होते. पण तू आलीस ती बोलतच आलीस. दुकान असं करू, तसं करू. तुझ्या तोंडाकडे बघून त्यांच्यानं बोलवलं नाही. मला म्हणाले, सांग तू. माझ्यानंही बोलवलं नाही."

"मामाला माहीत होतं. ग्रंथपाल बाईंना माहीत होतं. चष्मेवाल्याला?"

आईनं मशीनच्या सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला. म्हणजे त्यालाही.

"मग मीच तेवढी परकी होते का गं?"

"वेडी आहेस," ती म्हणाली. "परक्यांनाच तर सांगता आलं."

१८ ऑगस्ट

त्या दिवशी माझ्या बाबांच्या मोडत चाललेल्या दुकानाचे फोटो मी पडद्यावर मोठे करून दाखवले, आणि त्यावर टाळ्या घेतल्या. आणि घरी येऊन त्यांनाच वाजवून दाखवल्या.

२७ ऑगस्ट, रविवार

मी हार मानणार नाही असं ठरवलं होतं. आठवडाभर मनात तयारी केली आणि आज सकाळी बाबांना म्हटलं, "मला शिकवा. तुमचे हात थांबले तर माझे घ्या. साचा कोरायला शिकवा."

"दोन वर्षांत येत नाही ते."

"मग चार वर्षं शिकेन."

बाबांनी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "बघू द्या की तिला, भाऊजी." त्यांनी ओट्यावर एक लाकडाचा ठोकळा बसवला, पटाशी माझ्या हातात दिली. म्हणाले, "टाचेपासून सुरू कर."

मी सुरू केलं. पहिल्याच घावाला मोठा टवका निघाला.

"असं नाही. हलकं."

"हलकं म्हणजे किती?"

"म्हणजे... असं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो कापत होता. माझा हातही त्याच्याबरोबर कापायला लागला आणि पटाशी लाकडावर टकटक वाजायला लागली. दोघांनी मिळून धरलेली असून थांबेना. त्यांनी दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट दाबून धरलं. तरी थांबेना.

त्यांनी हात उचलला. "मला बोलून सांगता येत नाही," म्हणाले. "मला कोणी बोलून शिकवलंच नाही. माझ्या वडिलांनी हात धरूनच शिकवलं. तेवढं एकच माहीत आहे मला, आणि तेच आता..."

मामा उठून पाटी पुसायला बाहेर गेला. ती त्यानं सकाळीच पुसली होती.

मी पटाशी खाली ठेवली. "मी तुमच्या त्या रेघेवर रागावले होते, बाबा. पाय काढला नाहीत म्हणून."

"मला माहीत आहे."

"सांगायचंत ना तेव्हाच."

"काय सांगायचं? की तुझ्या मोबाईलमध्ये माझी रेघ वाकडी आली असती? तुला आठवते ती सरळ आहे. तशीच राहू दे म्हटलं."

३० ऑगस्ट

घरात भांडण झालं. आमच्या घरात भांडण म्हणजे तीन माणसं हळू आवाजात बोलतात आणि जेवण गार होतं.

बाबा म्हणाले, "तो विषय बदल. अजून मुदत आहे ना? दुकानासाठी घेतला होतास. दुकान आता पंधरा दिवस, फार तर महिनाभर. मामाला पिशव्यांच्या कारखान्यात जागा मिळालीय. तू नोकरीचं काहीतरी घे."

मी म्हटलं, नाही बदलणार. माझा विषय आहे. ज्याला हवं त्यानं दुकान बंद करावं.

"अगं, कोणासाठी ठेवतेयस तो?" आई म्हणाली.

खरं असं आहे की जोपर्यंत मी तो विषय सोडत नाही तोपर्यंत दुकान माझ्या बाजूनं तरी उघडं आहे. हे मोठ्यानं म्हटलं तर किती पोरकट वाटेल. वकीलला सांगितलं तेव्हा ती नेहमीसारखी वाद घालेल असं वाटलं होतं. तिनं नुसती माझी बॅग उचलली आणि बसस्टॉपपर्यंत न बोलता चालत आली.

३ सप्टेंबर, रविवार

आता फळ्यांवर शेवटचे थोडे पाय उरलेत. त्यातली एक जोडी टॉर्चकाकांची.

टॉर्चकाका जन्मभर सिनेमागृहात टॉर्च धरून लोकांना खुर्च्या दाखवायचे. साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या पायांतली जाणीव गेली आहे. आज आले होते. मला म्हणाले, "पायात खिळा गेला तरी मला पत्ता नाही पोरी. बायकोला आधी कळतं, फरशी पुसताना. म्हणते, हिरो आले, लाल गालिचा घालत!" आणि स्वतःच हसले.

मी हसले नाही. त्यांना जोडा थोडा जरी लागला तरी जखम होते, आणि जखम त्यांना कळत नाही. त्यांचा एक अंगठा असाच गेला, बाबांकडे यायच्या आधी.

बाबा त्यांना केंद्राबद्दल समजावत होते. काकांची मान हलत होती पण डोळे फळीवर होते. "तिथे इतके जिने," ते म्हणाले. "आणि ते विचारतात, इथे लागतंय का, तिथे लागतंय का. मला कळत असतं तर मी तिथे गेलोच कशाला असतो? तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मी येतो बरोबर," बाबा म्हणाले. "शनिवारची वेळ दिलीय त्यांनी. दर शनिवारी जाऊ, जोडा बसेपर्यंत."

९ सप्टेंबर, शनिवार

कार्यशाळेतून घरी आले तर बाबा पलंगावर पडून होते, कपाळाला पट्टी. बसमध्ये वरचा दांडा हातातून सुटला. फार काही नाही, पण आई मशीनशी नुसती बसून होती.

टॉर्चकाका बाहेरच्या खोलीत बसले होते, टोपी हातात घेऊन. त्यांनीच सांगितलं. पडणं वगैरे नंतरचं. आधी केंद्रात नवा जोडा आणला, तेव्हा बाबा म्हणाले, जरा द्या, हात घालून बघतो. तिथला मुलगा चांगला होता, उद्धट अजिबात नाही. त्यानं बाबांच्या हाताकडे बघितलं आणि जोडा परत घेतला. म्हणाला, "राहू द्या काका, मशीननं तपासलाय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तुझे बाबा त्याला 'बरं' म्हणाले. बसमध्ये मात्र सारखे स्वतःच्या हाताकडे बघत होते." काकांनी टोपी फिरवली. "मी नाही जाणार आता तिथे. आहे तो जुना जोडा पुरेल माझ्यापुरता."

तो पुरणार नाही. टाच झिजलीय. ते त्यांनाही माहीत आहे.

१० सप्टेंबर, रविवार

सकाळी बाबांनी मला हाक मारली. समोर टॉर्चकाकांचा केंद्रातून आणलेला नवा जोडा होता, काल जाताना काका तो आमच्याकडेच टाकून गेले होते.

"हात घाल आत," म्हणाले. "डोळे मीट. अंगठा तळावरून फिरव, घाईनं नको. पुढून मागे. मग कडेनं. सुकतळा कुठे जुळतो तिथे थांब."

मी फिरवला. "गुळगुळीत आहे."

"परत."

"काही नाही, बाबा."

"परत. दाबू नकोस. ज्याला कळत नाही त्याच्या वतीनं तुला कळायचंय. दाबलंस की तुझं तुलाच कळतं फक्त."

किती वेळ फिरवत होते कोण जाणे. आई दोनदा चहाला हाक मारून गेली. मग करंगळीच्या बाजूला काहीतरी आलं, केसाएवढं. सुकतळ्याची कड वर आली होती.

"इथे?"

बाबांनी जोडा घेतला, हात आत घातला. त्यांचं मनगट बाहेर थरथरत होतं पण चेहरा स्थिर होता. "हं," म्हणाले. हा 'हं' मला ओळखता आला.

मग म्हणाले, "हे एवढंच बोलून सांगता आलं मला."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघंही रडलो असतो, आणि आई चहा घेऊन येत होती.

१६ सप्टेंबर, शनिवार

सकाळी टॉर्चकाकांच्या घरी गेले. ते येत नव्हते. काकू म्हणाल्या, "अहो हिरो, पोरगी दारात उभी आहे, उठा." उठले. केंद्राच्या जिन्यावर ते पुढे, मी मागे. केंद्रातल्या मुलानं सुकतळ्याची कड नीट करून ठेवली होती, कारण सोमवारी मी जोडा नेऊन दिला होता आणि कुठे ते दाखवलं होतं. त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं होतं. पण केलं.

आज मी सगळ्यांसमोर डोळे मिटून हात घातला. काही लागलं नाही. परत घातला. काही लागलं नाही. जोडा चांगला झालाय की माझ्या अंगठ्याला कळलं नाही, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. काकांना तिथल्या तिथे चालायला लावलं, मोजा काढून पाय बघितला. लाल नव्हता. घेतला जोडा.

परतीच्या बसमध्ये काका म्हणाले, "तुझे बाबा असा हात घालताना तोंड वाकडं करायचे. तू पण करतेस." मी खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी आले तेव्हा बाबा खुर्चीत बसून होते. दुकानाची किल्ली त्यांनी कालच जागेच्या मालकाला परत दिली. मी गेलेच नव्हते बघायला, मला जमलंच नाही. मामा म्हणाला, पाटी काढली तर भिंतीवर तिच्या मापाची स्वच्छ जागा निघाली.

"काय लागलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे चांगला आहे, की तुला कळलं नाही?"

"ते मला माहीत नाही, बाबा."

"मग पुढच्या शनिवारी परत बघायला पाहिजे. त्याच्या पुढच्याही." त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. "आणि तुझा वर्ग? आज बुडवलास, दर शनिवारी कसा बुडवशील? तो विषय तर सोडायचा नाही म्हणतेस."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बुडवला नाही," मी म्हणाले. "बुधवारीच सोडला. संख्याशास्त्र घेतलं. त्याचे तास सोमवारी आणि गुरुवारी असतात."